धुतलेला चोथा

टक् टक्. सासूबाईंनी चोथ्यासकट गाळणं सिंकमध्ये आपटलं. लेकीचं बाळंतपण उरकून त्या आज परतल्या, तर बाल्कनीतला त्यांचा मोगरा वाळलेला आणि कुंडीभर मुंग्या.

“चहाचा चोथा धुऊन घालत होतीस ना गं?”

जाताना त्यांनी बजावलं होतं, दुधासाखरेचा तसाच घालू नकोस. त्यांची सून मृदुला मात्र सकाळच्या घाईत रोज तसाच उपडा करत आली होती.

“धुतल्याशिवाय कशी घालीन?” ती बोलून गेली. “रेणूनं दूध ओतलं असेल. नको झालं की कुंडीतच ओतते ती.”

सासूबाईंनी नातीला जवळ ओढलं. “मग आता तुला गजरा कशाचा करू, सांग बरं?”

चार वर्षांच्या रेणूने बाहुली खाली ठेवली, दोन्ही कान धरले. “आजी, चुकलं. परत नाही ओतणार.”

मृदुला वळून गाळण्यातला चोथा नळाखाली धूत राहिली. पाणी केव्हाच नितळ झालं होतं, पण मान वर होईना. तेवढ्यात तिच्या ओढणीला हिसका बसला. रेणू टाचा उंचावून कुजबुजली,

“आई, मी कधी गं दूध ओतलं होतं?”