वाटीतली बोटं

“कातडी आहे बाई ती, करपलेली कढई नव्हे,” आई म्हणाली आणि कोचच्या पाठीवर बोटं गोल गोल फिरवत राहिली.

कोच म्हणजे पलीकडच्या तलावावर पोरांना पोहायला शिकवणारी मुलगी. पालथी पडल्या पडल्या ती कुरकुरली, “जरा जोर लावा ना, काकू. त्या पाण्यानं अंगाचं नुसतं लाकूड झालंय.”

“लाकूड झालं असेल तर सुताराकडे जा. इथं असंच मिळेल.”

घराची पुढची खोली हेच आईचं पार्लर. पडद्याआड एक पलंग, खिडकीत वर्तमानपत्रावर वाळत घातलेला कॉफीचा चोथा, आणि स्टीलच्या वाटीत तोच चोथा, बारीक चाळून तेलात कालवलेला, अंगाला चोळायला. कोपऱ्यावरचा कॉफीवाला तो पिशवीत भरून ठेवायचा. लेक ऑफिसातून येताना पिशवी घेऊन यायची आणि आईचं काम संपेपर्यंत टॉवेलांच्या घड्या घालत बसायची.

आईची बोटं पोटरीपाशी आली आणि थांबली.

“आज रेझर फिरवलास?”

“सकाळी. पण तुम्हाला कसं कळलं? चष्मा तर तिकडे टेबलावर आहे!”

“बोटांना कुठं लागतो चष्मा? पाय आज नाहीत. झोंबेल नुसतं.”

“मग चेहऱ्याला लावा.”

“चेहऱ्याला हे कधीच नाही. कितीदा विचारशील?”

कोमट पाणी, मऊ टॉवेल, अंग ओलसर आहे तोवर हलकासा तेलाचा हात. कोच पलंगावरून उतरायच्या आधी आईनं फरशीवर जुना टॉवेल अंथरला. तेलकट पायांनी इथं आजवर कुणी घसरलं नव्हतं. काम तेच, रोजचंच. पण आई ते असं करायची, की जणू कुणी आपली पाठ आज पहिल्यांदाच तिच्या भरवशावर सोडली आहे. लेक बघत राहायची. बोलायची मात्र नाही.

कोच गेल्यावर आईनं वाटीत उरलेल्यातलं थोडं बोटांवर घेतलं आणि लेकीचा हात ओढला. दिवसभर टेबलावर टेकून काळवंडलेलं कोपर तिला बघवत नसे.

“हात जड झालाय का गं माझा?” तिनं विचारलं. हे ती प्रत्येक वेळी विचारायची.

“ठीक आहे,” लेक म्हणाली. हेही प्रत्येक वेळचंच.

“वाटी टाकायची राहिलीय बघ.”

“मी टाकते. तू पड जरा.”

आणि ती विसरली. सकाळी आई उठली नाही. झोपेतच गेली.

वाटी मग झाकण लावून फ्रिजमध्ये गेली. भांडी घासणारी मावशी ती घासायला घेऊन निघाली होती, तर लेकीनं तिच्या हातातून काढून घेतली. आत एका कडेला, आईनं शेवटचं उचललं होतं तिथं, बोटांच्या खुणा होत्या.

पार्लरचं दार तिनं पुन्हा उघडलं ते पंधरा दिवसांनी, केवळ हवा यावी म्हणून. कॉफीवाल्यानं सवयीनं पिशवी हातात दिली होती, तिनंही सवयीनं ती खिडकीत पसरली होती. दार उघडं दिसलं म्हणून कोच आत आली. पलंगाच्या कडेला टेकली.

“दुसरीकडे जावंसं वाटत नाही गं,” ती म्हणाली. “तू लावशील?”

लेकीच्या तोंडून ‘हो’ निघून गेलं. पाण्याची बाटली काढायला तिनं फ्रिज उघडला, तशी कोचला वाटी दिसली.

“काकूंनी केलेलं? मग हेच लाव ना मला. त्यांच्या हातचं.”

लेकीनं झाकण काढलं. वास अजून कॉफीचाच होता. खुणाही जशाच्या तशा. पण त्या ओल्या बोटांच्या खुणा होत्या, आणि ओलं बोट लागलं की ते आतून नासतं, म्हणून आई वाटी त्याच दिवशी रिकामी करायची. लेक नाक जवळ नेऊ लागली, की म्हणायची, “वास घेत बसू नकोस. टाक.”

“नाही,” लेक म्हणाली. “हे आता कुणाच्या अंगाला लावायचं नाही.”

“अगं, इतकंसं.”

“इतकंसंही नाही.”

चमचा न घेता तिनं बोटांनीच वाटी निपटली. खुणांवरून तिची बोटं फिरली आणि खुणा गेल्या. सगळं कचऱ्याच्या डब्यात. मोरीत टाकलं तर पाइप तुंबतो. मग वाटी घासली, कोरडी पुसली. खिडकीतला वाळलेला चोथा चाळला आणि चमचाभर तेलात कालवला.

“उद्या ये,” ती म्हणाली.

“आज काय झालं?”

“नवा चोथा आहे. आधी माझ्या हाताला लावून बघते, रात्रीतून लाल होतंय का ते. आणि येताना पायांवर रेझर फिरवू नकोस.”

कोच हसली. हसता हसता तिनं डोळे पुसले. “तरी म्हटलं, काकू गेल्या कुठं,” म्हणाली आणि दार ओढून घेऊन गेली.

लेक पलंगाच्या कडेला बसली. बाही वर सारून तिनं कोपराच्या आतल्या नाजूक जागी थोडंसं लावलं, नवा चोथा आला की आई स्वतःला लावून बघायची तिथंच. दोन बोटं, गोल गोल. जमेना. बोटं घाईत होती, टोचत होतं. तिनं ती सावकाश केली, आणखी सावकाश, त्यातला सगळा जोर काढून घेतला. आणि मग, क्षणभर, ती बोटं ओळखीची झाली.

खोलीत कुणी नव्हतं. कुणी काही विचारलंही नव्हतं.

“नाही गं, आई,” ती मोठ्यानं म्हणाली. “कधीच जड नव्हता तुझा हात.”