एकच चौकोन

पडद्यावर एकच चौकोन होता.

काल वहिनी घरी निघाली तेव्हा तिथे शंभरावर चौकोन होते आणि त्यांना जोडणाऱ्या तारांचा हा एवढा पसारा. पाणी किती तापवायचं, साबण कधी सोडायचा, चादरी किती वेळा खळबळून काढायच्या, सगळं एकेका चौकोनात. इस्पितळांच्या चादरी धुणाऱ्या त्या कारखान्यातली झाडून सगळी यंत्रं त्या चौकोनांवर चालत होती. आज मालकीणबाई मुद्दाम बघायला आल्या होत्या, आणि पडद्यावर हा एकटाच! पुसलं की काय कोणी?

पुसलं नव्हतं. पडद्यापाशी उभ्या असलेल्या नणंदेनं त्या चौकोनावर दोनदा टिचकी मारली आणि तो उघडला. आत सगळं जागच्या जागी होतं. मांडणी वहिनीचीच, डावीकडून उजवीकडे जाणारी, एकही तार दुसरीवर चढलेली नाही.

"गुंता दिसला की माणूस घाबरतो," नणंद मालकीणबाईंना समजावून सांगत होती. "म्हणून सगळं एकात बांधून टाकायचं आणि बाहेरून एकच दार दाखवायचं."

हे वाक्य वहिनीचं होतं. परवाच भाजी निवडता निवडता तिनं ते नणंदेला सांगितलं होतं. वहिनीच्या शब्दावरच नणंद इथे कामाला लागली होती आणि तेव्हापासून तिचं ऐकून अख्खा कारखाना वहिनीला वहिनीच म्हणायचा. शिकवताना वहिनीनं हातचं काही राखून ठेवलं नव्हतं. घरच्या माणसापासून काय राखायचं?

"छान सुटसुटीत आहे हो," मालकीणबाई म्हणाल्या. "कोणी केलं?"

व्यवस्थापकांनी चष्मा वर सरकवून चौकोनाचा कोपरा वाचला. चौकोन जो बांधतो त्याचं नाव तिथे आपोआप उमटतं. आतलं कोणी मांडलं याच्याशी त्या कोपऱ्याला काही देणंघेणं नसतं. व्यवस्थापकांनी नणंदेचं नाव वाचून दाखवलं.

गावाबाहेर दुसरा कारखाना उभा राहत होता. तिथली यंत्रं कोणाच्या हाती द्यायची ते आज ठरायचं होतं आणि वहिनी त्या जागेवर डोळे लावून बसली होती. ती नणंदेकडे बघत राहिली. आता सांगेल, आता सांगेल.

"मीच केलं," नणंद म्हणाली. "वहिनीनं मदत केली थोडी."

केसानं गळा कापला तिनं. आणि त्यातही ते 'थोडी' फार लागलं.

पूर्वी वहिनी हेच काम यंत्रांसाठी आज्ञांच्या ओळीच्या ओळी लिहून करायची. तिच्याशिवाय ते कोणाला वाचता यायचं नाही. ती एखाद दिवस रजेवर गेली आणि यंत्र अडलं, की सगळे हात चोळत बसायचे. म्हणून हे चौकोन तिनंच आणले, मालकीणबाईंना वाचता यावेत, धुणाऱ्यांनाही वाचता यावेत. जे कोणालाही वाचता येतं ते कोणालाही उचलता येतं, हे मात्र तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

"आणि समजा," मालकीणबाईंनी विचारलं, "उद्या चादरींऐवजी लोकरीची ब्लँकेटं आली तर?"

"त्यात काय! एक तार हलवायची." नणंदेनं तार उचलली आणि झोकात नेऊन सोडली.

ती थंड पाण्यात जायला हवी होती. ती शेजारच्या चौकोनात, गरम पाण्यात जाऊन बसली. लिहिताना एखादा शब्द चुकला असता तर यंत्रानं तिथल्या तिथे कुरकुर केली असती. तार मात्र गुमान बसते, कुठेही.

वहिनीला गप्प राहता आलं असतं. गप्प राहावं असं तिला अगदी मनापासून वाटलंही. पण आटून बाहुल्यांच्या मापाची झालेली ब्लँकेटं तिच्या डोळ्यांसमोर आली.

"अगं, ती गरम पाण्यात गेलीय," ती म्हणाली. "ब्लँकेटं आटतील."

मालकीणबाईंनी एकदा हिच्याकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. नणंद हसली. घरी वहिनीची बाजू घेऊन भावाशी भांडताना हसायची तशीच, गोड.

"वहिनीला अजून लिहायचीच सवय आहे ना," ती म्हणाली. "तारा बघितल्या की तिला धाकधूक होते."

व्यवस्थापकही हसले. वहिनीचे कान तापले.

"अगं, तारा तर मीच..." चार परक्या माणसांत घरातलं भांडण काढायचं कसं? आणि संध्याकाळी एकाच दारातून आत जायचं होतं.

"होतं असं सुरुवातीला," मालकीणबाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या. "नवीन कारखान्याचं यांच्याकडेच देऊ या. आणि वहिनी, तुम्हीही हे यांच्याकडून शिकून घ्या. त्यात लाजायचं काही नाही."

"शिकवीन की मी," नणंद म्हणाली. "घरचीच तर आहे. रोज जेवणं झाली की बसू थोडा वेळ."

आणि बोलता बोलता तिनं ती तार गरम पाण्यातून हळूच काढली आणि थंड पाण्यात नेऊन सोडली.