सतरा नंबरचा बिल्ला

तांड्यावरच्या हौदाच्या वाटेवर वजनाचा लोखंडी पाट बसवला होता. गाभण मेंढी त्यावरून गेली, की मशीन कानातल्या बिल्ल्यावरून तिला ओळखून वजन घ्यायचं आणि सुखीबाईच्या मोबाईलवर सांगायचं. वजन घटलेल्या मेंढीला गूळ-भरडा मिळायचा. सातव्या महिन्यातल्या सुनेला, अंजूला, मात्र एकच भाकर. "जास्त खाल्लं, की लेकरू मोठं होते, बाळंतपण अडते," सुखीबाई बजावायची. एका गाभण मेंढीच्या कानातला सतरा नंबरचा बिल्ला बाभळीला अडकून निसटला, तो अंजूनं गुपचूप पदराला बांधला आणि रोज कळपामागून ती पाटावरून जाऊ लागली. तिसऱ्या आठवड्यात मोबाईल बोलला, "सतरा नंबरचं वजन घटतंय. खुराक वाढवा." सुखीबाई सुनेवर खेकसली, "काहून उपाशी ठेवून राह्यली वं तिले? पोटात लेकरू हाये तिच्या!" अंजूनं गूळ-भरडा कालवला, कुडाआड जाऊन मेंढ्यांकडे पाठ केली आणि पहिली मूठ आपल्याच तोंडात घातली.