उद्यासाहेबांचं औषध

"नाडी ठणठणीत, रक्तदाब ठणठणीत, साखरही नाही," वरच्या मजल्यावरचे डॉक्टर म्हणाले. "मग हे जेवत का नाहीत, वहिनी?"

पलंगावर उद्यासाहेब भिंतीकडे तोंड करून पडले होते. निवृत्त झाले आणि माणूस बघता बघता अर्धा झाला. नळजोडणीच्या कचेरीत त्यांची खिडकी होती. समोर रांग, हातात शिक्का आणि तोंडात दोनच शब्द, "उद्या या." साहेबांचं बारसं लोकांनी त्यावरूनच केलं होतं.

निरोपसमारंभात मात्र त्यांनी छातीवर हात ठेवून भाषण केलं होतं. "लोकसेवेत जे समाधान मिळालं, ते दुसरीकडे कुठेच मिळालं नसतं," असं ते म्हणाले. टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत बसलेल्या बायकोला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकं धडधडीत खोटं, तेही चारचौघांत! समाधान होतं खरं, पण ते सगळं खिडकीच्या आत. बाहेर त्याचा थेंब कधी आला नव्हता.

आता घरात रांग कुठून आणायची? साहेब रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून खिडकीत बसत. काळं कुत्रं विचारत नव्हतं. पुढे पुढे तर उठेनातच. कसा का असेना, जन्माचा जोडीदार. डोळ्यांदेखत वाळत चाललेला तिला बघवेना.

"ह्यांना औषध नको, डॉक्टर," ती डोळे पुसत म्हणाली. "ह्यांना अडलेली माणसं हवीत. गच्चीची चावी कुणाकडे असते हो?"

पाण्याची टाकी गच्चीवर, कपड्यांच्या दोऱ्या गच्चीवर. तिने इमारतीतल्या एकेकाच्या विनवण्या केल्या आणि ती चावी नवऱ्याच्या हाती आणून ठेवली. एका माणसाचा जीव वाचतोय, तर वाचू दे, असं सगळे म्हणाले. बिचाऱ्यांना काय माहीत!

दुसऱ्याच दिवशी साहेब उठले. गुळगुळीत दाढी केली. पुढच्या दाराला आतून साखळी लावून फटीसमोर खुर्ची टाकली. हां हां म्हणता भूक परतली, गाल वर आले. टाकी भरून वाहायला लागली तेव्हा खुद्द डॉक्टर धावत आले. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "उद्या या."

डॉक्टर ओल्या पायांनी परत फिरले, पण जिन्यातूनच ओरडले, "वहिनी, पेशंट बरा झाला!"

इमारत शिव्या मोजत होती आणि बायको मनातल्या मनात देवाला हात जोडत होती. मग एका सकाळी तीच पिळलेल्या कपड्यांची बादली घेऊन खुर्चीमागे उभी राहिली.

"अहो, जरा चावी द्या."

"इकडून नाही. समोरून या."

तिला हसू फुटलं. स्वारी थट्टेच्या मूडमध्ये आली म्हणायची! ती मागच्या दाराने बाहेर पडली, वळसा घालून आली आणि शेजारणीच्या मागे रांगेत उभी राहिली. शेजारीण हात हलवत परत गेली. बादली कमरेवर घेऊन ती फटीपाशी वाकली.

"उद्या या."

"अहो, मी आहे!"

"सगळे हेच सांगतात," म्हणत साहेबांनी दार लावून घेतलं.

दुपारी ते स्वयंपाकघरापाशी आले, तर दाराला आतून कडी.

"अगं, ताट वाढ ना. पोटात कावळे ओरडतायत."

दार बोटभर उघडलं. तिने चष्म्यावरून पाहिलं.

"उद्या या."

"अगं, मी आहे!"

कडी पुन्हा लागली. बाहेर साहेब दार बडवत राहिले. ती आपलं ताट वाढून घेऊन ऐसपैस बसली, पहिला घास सावकाश चावला आणि तिला निरोपसमारंभातलं ते भाषण आठवलं. उगाच नावं ठेवली होती. माणूस अगदी खरं बोलला होता.