सोसणारे कान

"एरान, तुझ्या कानांना साधा पत्राही सोसतो गं. ताईचे मात्र लगेच चिघळतात, तिला चोख सोनंच हवं."

तीस वर्षांपूर्वीचे आईचे हे शब्द मला अजून टोचतात. आम्हा दोघींच्या पहिल्या वाढदिवसाला रिवाजाप्रमाणे भेट आलेल्या सोन्याच्या अंगठ्या तिनं वितळवल्या आणि त्यातून रिंगांचा एकच जोड घडवला, ताईचा. माझ्या वाट्याला बाजारातली स्वस्त, रंगीत कानातली, लाल चेरींच्या आकाराची.

आज सोलच्या सराफ गल्लीत मी माझ्या कमाईचं चोख सोनं घ्यायला आले, आणि मुद्दाम ताईलाच सोबत आणलं. एकदा तरी तिनं जळावं, एवढंच मनात होतं.

"कातडी नाजूक आहे का, बाई?" दुकानदार बाईंनी विचारलं. "नसेल, तर कमी कॅरेटचंही चालेल. स्वस्त पडेल."

"नाजूक ही माझी ताई! मी दणकट. पण आज मलाही चोखच हवं," मी नव्या रिंगा कानात अडकवत म्हटलं. "बघ गं ताई, मला शोभतात? की सोनं फक्त तुलाच शोभतं?"

"हळू बोल, लोक बघतायत," ताई पुटपुटली. मग आरशातून माझ्या कानांकडे बघत म्हणाली,



"आईला कधी सांगितलं नाही, एरान. तू कामावर गेलीस की मी तुझ्या त्या लाल चेरी घालून मिरवायचे. कान त्यांनीच चिघळायचे, तरी मला राहवायचं नाही."