कोऱ्या दिवसाचा वारा

घुमटाखालच्या गावात सकाळपासून वारा नव्हता. वेधशाळेच्या जुन्या नोंदींतल्या एकेका दिवसाचं हवामान यंत्र इथे पुन्हा घडवायचं, आणि आज ज्या दिवसाची पाळी होती त्याची नोंदच नव्हती. त्या दिवशी नोंदी घेणारे अण्णा, यामिनीचे वडील, वारले होते.

"ताई, माणसं गुदमरताहेत," यंत्रचालक इंगवले म्हणाला. "यंत्राला साक्षीदार लागतो. तुम्ही होतात ना तेव्हा? आठवा लवकर. वारा होता?"

तिला चिता आठवली. धूर सरळ वर गेला होता. झाडाचं पानही हललं नव्हतं. आणि न पाहिलेला एक आकडाही अण्णांनी कधी लिहिला नव्हता.

बाहेर कुणाचं तरी बाळ धापा टाकत होतं.

"होता," ती यंत्राला म्हणाली. "पश्चिमेकडून. भरपूर होता."