कुमुदिनीबाईंचा उपास

पत्नी कुमुदिनीबाई गेल्याचं कळलं, त्याच दिवशी गजाननरावांनी तिच्या यकृताच्या पेशी जिवंत ठेवायला होकार दिला. लेकीलाही आईचाच, यकृतात चरबी साठण्याचा आजार होता. चरबी कमी करणारं औषध आधी आईच्या पेशींवर पाहायचं होतं.

"काका, आज पेशी उपाशी ठेवू," प्रयोगशाळेतली मुलगी म्हणाली. "औषधानं त्या साठवलेली चरबी जाळतात का, ते कळेल."

"तिला उपास सोसत नाही, पोरी. एकादशीलासुद्धा चोरून पोहे खायची."

"बाबा, माझं औषध ठरायचंय," लेक म्हणाली. "माझ्यासाठी आईनं सोसलं असतं."

गजाननराव कबूल झाले. स्वतःही जेवले नाहीत.

संध्याकाळी पडद्यावर पेशींतले चरबीचे थेंब विरत गेले. लेकीला गोळी सुरू झाली. पेशींचं काम संपलं. त्यांना जिवंत ठेवणं आता बंद करा, एवढं सांगायचं गजाननरावांकडून अजून राहिलं आहे.